यादीत सुंभ नव्हता

रेवदंड्याच्या बंदरात आगबोट काठाला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसांना पडावात बसवून तिच्यापर्यंत नेत. मी निघाले त्या दिवशी ओहोटी होती, म्हणून पडावसुद्धा लांब थांबला होता. माझी ट्रंक डोक्यावर घेऊन हे चिखलातून पुढे गेले. मी लुगडं पोटऱ्यांपर्यंत वर धरून मागे उभी होते, आणि एवढ्या माणसांसमोर पाय दिसतात याचीच मला जास्त लाज वाटत होती. आपण घर सोडून चाललो आहोत हे तेव्हा मनात आलंच नाही.

आई माझ्याबरोबर पाण्यात शिरली. ट्रंकेचा कोयंडा मोडका होता, म्हणून तिने सकाळीच ट्रंकेला सुंभ आवळला होता, उभा आणि आडवा. सुंभ तिनेच वळलेला. गाठीच्या शेवटाला तिने आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती. पडावात बसताना ती म्हणाली, "सुटला तं माजी चिंधी परत धाड गो. मंग समजंन माजे हात गेले."

बाबा काठावरच थांबले. त्यांना चिखलातून चालता येत नव्हतं. त्यांनी नुसता हात वर केला. आदल्या दिवशी ते मला म्हणाले होते, "लिवत जा. आपल्या घरात तुलाच येतं."

शेवंते, तू आईच्या मागे उभी होतीस. माझी धाकटी बहीण, नऊ-दहा वर्षांची असशील. बोटांना काथ्या लागला होता तो तू परकराला पुसत होतीस.

हे सगळं मी तुला लिहिते आहे, आणि तुला वाचता येत नाही म्हणूनच लिहिता येतं आहे. माझं टपाल घरी आलं की ते सुंभाच्या वखारीचे तात्या अंगणात बसून वाचून दाखवतात. आईच्या मागे शेजारणी बसतात, त्यांच्या मागे पोरं. तात्यांच्या तोंडून जे बाहेर पडावं तेवढंच मी आजपर्यंत लिहिलं. मी बरी आहे. इथे ऊन फार आहे. हेही बरे आहेत. बाकीचं या वहीत.

जे माझ्यासारखे निघून आले त्यांना पुढचं सांगायला नको. पण सांगते, कारण चौलच्या वाडीत राहून एडन कसं असेल हे कळत नाही. मला स्वतःला सहा दिवस बोटीत बसूनही कळलं नव्हतं. मला वाटलं होतं, समुद्र आहे म्हणजे माडही असतील. इथे समुद्र आहे आणि त्याच्या काठाला काळा जळका डोंगर आहे. झाड म्हणून दिसत नाही. पाणी उंटाच्या गाडीतून येतं, डब्याने मोजून घ्यायचं, आणि तेही मचूळ. पहिले कित्येक दिवस मी भांडी घासलेलं पाणी टाकायला कुठलं तरी झाड शोधायची. घरी कसं, कुठेही ओतलं तरी ते कुणाच्या तरी मुळाशी जातं.

हे एका गुजराती शेठच्या गुदामात कारकून. गुदाम धक्क्याजवळ, आमच्या दोन खोल्या त्याच्याच मागच्या अंगाला. मधे भिंतीने घेरलेलं अंगण. मी त्या अंगणातच राहिले. आपल्याकडची चार-सहा घरं इथे आहेत, पण लांब. सणाला जाऊन यायचं तेवढंच. मला परक्या माणसांशी बोलता येत नाही, ते तुला माहीत आहे. घरी त्याला लाजाळू म्हणत. इथे शेजारच्या बायका म्हणायच्या, कारकुनाची बायको मुकी आहे. एकदा एकीने मला खुणेनेच विचारलं मीठ आहे का, आणि मी खुणेनेच आहे म्हटलं. नंतर माझं मलाच हसू आलं.

पहिली दिवाळी गेली आणि आपल्या बाजूच्या शिडाच्या फतेमाऱ्या आल्या. हे गुदामातून मला हाक मारायला आले, तसं ते कधी करत नसत. आत सुंभाच्या गुंडाळ्या छतापर्यंत रचल्या होत्या. वास आला. खाडीच्या चिखलात कुजलेल्या नारळाच्या सोडणांचा, आपल्याकडे पाहुणे ज्याला नाक मुरडतात तो वास. मी गुंडाळ्यांवर तोंड ठेवून तो घेतला. मग एकेक गुंडाळीचं टोक पाहत गेले. पिवळी चिंधी म्हणजे आगरातल्या भागीकाकीची. लाल काठाची कुणाची ते आठवेना. आणि खालच्या थरात हिरवी. आईची.

तात्यांकडचा हा रिवाज तुला सांगायला नको, पण वहीत असू दे. सुंभ वळणारी प्रत्येक बाई गुंडाळीच्या टोकाला आपल्या लुगड्याची चिंधी बांधते, म्हणजे माल कुणाचा ते कळावं. गुंडाळी कच्ची निघाली, पीळ सैल निघाला, तर तात्या चिंधी कापून घरी परत पाठवतात. दुसरं काही बोलत नाहीत. भागीकाकीची एकदा परत आली तेव्हा ती चार दिवस विहिरीवर आली नव्हती. आईची कधीच आली नाही. बाबा माडावरून पडले त्या सालापासून आपलं घर तिच्या त्या दोन तळव्यांवर उभं आहे. मी तोवर चौथी पास झाले होते. तुझी शाळा सुरूच झाली नाही, तुला सोडणं बडवायला बसवलं. माझ्या वाट्याची अक्षरं मी घेतली आणि तुझ्या वाट्याचीही बहुतेक मीच घेतली.

तर ती हिरवी चिंधी मी सोडून घेतली. यांनी पाहिलं आणि गुंडाळी परत थरात लावली. त्यानंतर दर हंगामाला मी आईची गुंडाळी शोधायची आणि चिंधी काढून बिस्किटाच्या डब्यात ठेवायची. ट्रंकेवरचा सुंभ मात्र मी सोडला नाही. यांनी तो पहिल्या दिवशी गाठीसकट एका बाजूने सरकवून काढला होता. मी तसाच परत चढवायची. घर आठवलं की डबा उघडायची. माझं माहेर एवढंच होतं, आणि पुरत होतं.

मग पस्तीस साल आलं.

इटलीने हबसाणावर स्वारी केली. आपल्याकडे खाडीपलीकडच्या मुरुड-जंजिऱ्याच्या मुलखाला हबसाण म्हणतात. हे खरं हबसाण, हबशांचा मुलूख, समुद्राच्या त्या तीरावर, एडनपासून फार लांब नाही. धक्क्यावर रोज नवीन बोलवा. जगातल्या राष्ट्रांची मोठी सभा भरली, तिने इटलीला दोषी ठरवलं, आणि ठरलं की आपापल्या देशात कायदे करून तिची कोंडी करायची. एडनलाही तो कायदा लागू झाला. गुदामाच्या भिंतीवर कागद चिकटवला, इंग्रजीत आणि आरबीत. दुपारी गुदाम बंद असताना मी यांच्याबरोबर जाऊन पाहिला. हे एकेक ओळ मराठीत सांगत होते. बंदुका, तोफा, दारूगोळा इटलीला विकायचा नाही. रबर नाही. कथील नाही. घोडे, खेचरं, गाढवं, उंट नाहीत, ओझं वाहणारं कुठलंच जनावर नाही.

ते जनावरांचं ऐकून मला फार बरं वाटलं. कायदा करणारा माणूस कुठेतरी मोठ्या खुर्चीवर बसलेला, पण त्याला ठाऊक होतं की लढाई डोंगरात आहे आणि डोंगरात तोफ खेचराच्या पाठीवर चढते. म्हणजे त्याने बसून विचार केला होता. पुढच्या आठवड्यात बंदरालगतच्या मआल्याच्या तबेल्यात विकायला आणलेली शंभरेक खेचरं नुसती उभी होती, आणि त्यांचा मालक रस्त्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला शिव्या देत होता. मला तेही बरं वाटलं.

त्याच आठवड्यात गुदामातला सगळा सुंभ पलीकडे गेला. इटलीच्या ताब्यातल्या बंदरात. मी यांना विचारलं, हे कसं चालतं. यांनी मान खाली घालूनच सांगितलं, "यादीत जे नाही त्याला बंदी नाही. सुंभ यादीत नाही."

मी पुढे विचारलं नाही. दोरी ती, मला वाटलं. दोरीने गवताचे भारेही बांधतात.

अल्माज आमच्याकडे त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी आली. हबसाणातून पळून आलेली माणसं बर्बऱ्याच्या बंदरातून होडीने एडनला उतरत होती. शेठच्या घरून तिला आमच्याकडे धुण्याला पाठवलं. माझ्याहून थोडी मोठी, उंच, पायांना गुडघ्यापर्यंत फडकी गुंडाळलेली. तिला थोडी आरबी येत होती, मला थोडी हिंदुस्थानी आणि इतक्या वर्षांत कानावर पडलेली आरबी, आणि दोघींनाही बोलायची हौस नव्हती. त्यामुळे आमचं बरं जमलं.

एकच गोष्ट मला खटकायची. अंगणात कपडे वाळत घालायला सुंभाची वलणी होती. मीच बांधलेली, आईच्याच गुंडाळीतली. अल्माज कपडे धुवायची आणि तिच्यावर घालायची नाही. तापलेल्या दगडांवर पसरायची. दगडाची काळी राख कपड्यांना लागायची. मी दोनदा वलणीकडे बोट दाखवलं. तिने मान डोलावली आणि तिसऱ्यांदाही दगडावरच घातले. मला वाटलं, आळशी आहे, हात वर करायचा कंटाळा. शेवटी एक दिवस मी तिच्या हातातलं ओलं धोतर घेतलं, स्वतः वलणीवर टाकलं आणि तिलाही हाताला धरून वलणीजवळ नेलं.

ती तिथे उभी राहिली आणि तिने नाक दाबलं. मग खाली बसली. तिथूनच तिने सांगितलं. एका दिवसात नाही, पुढच्या कित्येक दुपारी, तुकड्या तुकड्याने. विमानं आली. पावसासारखं काहीतरी पडलं, पण पाणी नव्हतं. ती झऱ्यावर होती, पाय गवतात होते. पायांची कातडी गेली ती त्यामुळे. गुरं मेली. मग पायदळ आलं, ओझ्याची खेचरं घेऊन. खेचरांच्या पाठीवरच्या पेट्या तपकिरी, केसाळ दोरीने आवळलेल्या. पेट्या उतरल्यावर तीच दोरी त्यांनी गावातल्या पुरुषांच्या मनगटांना बांधली, एकाला एक जोडून, आणि त्यांना डोंगराखाली नेलं. तिचा नवरा तिसरा होता. तिच्या मुलखात दोरी कातड्याची असते, नाहीतर गवताची. अशी दोरी तिने आधी पाहिली नव्हती. ती टोचते, हे तिला नवऱ्याच्या मनगटाकडे पाहून कळलं. आणि तिला कुजक्या चिखलाचा वास येतो.

शेवंते, ती दोरी आईचीच होती असं मी म्हणत नाही. भागीकाकीची असेल, मालवणकडची असेल. पण आईची नव्हती असंही मला म्हणता येत नाही. एडनच्या गुदामातून हिरव्या चिंधीची गुंडाळी जाताना मी स्वतः पाहिली होती. चिंधी मीच काढून घेतली होती.

मी त्याच दिवशी वलणी उतरवली. अल्माज बघत होती. तिने विचारलं, हे कोण बनवतं. मला खोटं बोलता आलं असतं. तिला काय कळणार होतं. पण मी सांगितलं, "माझी आई."

मी वलणीची गुंडाळी करत राहिले, कारण हातांना काहीतरी हवं होतं. मग ती म्हणाली, "म्हातारी आहे?"

मी होय म्हणून मान हलवली.

"बोटं दुखत असतील तिची," ती म्हणाली, आणि पाय सावरत उठून पुढचं धुणं घ्यायला गेली.

तिने मला दोष दिला असता तर मी रडून मोकळी झाले असते.

तेव्हा धक्क्यावर बोललं जायचं की यादीत आणखी जिनसा घालणार आहेत. तेल घालणार म्हणायचे. तेल बंद झालं की विमानं उडायची नाहीत. मी रोज यांना विचारायची, तेल घातलं का. हे म्हणायचे, अजून नाही. मला वाटायचं, तेल आठवलं तर सुंभही आठवेल कुणाला तरी. मग एका दुपारी विचार आला की ज्याने कधी माडच पाहिला नाही त्याला सुंभ कुठून आठवणार. त्याला कुणीतरी सांगायला हवं. आणि सुंभाने काय बांधलं गेलं हे ठाऊक असलेली, लिहिता येणारी, त्या सगळ्या बंदरात मीच होते.

मी अर्ज लिहिला. चौथीत आम्हाला अर्ज लिहायला शिकवला होता, शाळेत विहीर हवी म्हणून. त्याच वळणाने लिहिला. मेहेरबान सरकार यांच्या चरणी नम्र विनंती की, लढाईच्या ओझ्याच्या पेट्या सुंभाने बांधतात व माणसेही बांधतात, तरी सुंभ हा जिन्नस यादीत घालावा. खाली सही करायची जागा सोडली आणि थांबले.

सुंभ यादीत आला, तर फतेमाऱ्या सुंभ घेणार नाहीत. तात्या वखार बंद करतील. चौलपासून रेवदंड्यापर्यंत ज्या घरांत पुरुष पडला किंवा बुडाला आहे तिथे चूल पेटणार नाही. त्या वर्षी तुझं लग्न ठरलं होतं. आईने कळवलं होतं, "पोरीचं लगीन या सुंभावर निभंल." तात्यांनी ते तिच्याच शब्दांत लिहिलं होतं. एका बाजूला अल्माजची फडक्यातली पावलं आणि दुसऱ्या बाजूला तू, अंगाला हळद लावून. मी लेखणी टेकवली आणि उचलली. तो अर्ज अजून डब्यात आहे. सहीची जागा मोकळी आहे.

तो अर्ज मी यांना दाखवला नाही. हे वाईट नाहीत. त्यांची नोकरी त्या गुदामात, आमचं छप्पर त्या गुदामाचं, परत जायचं तरी बोटीचं तिकीट शेठच्या हातून. पण एकदा मी विचारलं होतं की आपण गावी परत गेलो तर. ते म्हणाले, "तिथे जाऊन काय करणार? सुंभच वळणार ना?" त्यांनी ते कुचेष्टेने म्हटलं नाही. खरं म्हणून म्हटलं. मला तेव्हा दिसलं की मी कुठेही गेले तरी त्या दोरीच्या एका ना एका टोकाला असणार.

मग मी ती चूक केली.

चैत्रात फतेमाऱ्या परत फिरतात. थेरोंड्याचा एक खलाशी आपल्या घरावरून जाणार होता. त्याच्याशी तोंडाने बोलायचं मला धैर्य नव्हतं, आणि तो तरी अंगणात जाऊन काय सांगणार होता. कागद लिहावा तर तो तात्यांकडेच वाचायला जाणार. मी तुझ्या लग्नासाठी एक चोळीचा खण आणला होता. बिस्किटाच्या डब्यातल्या सगळ्या हिरव्या चिंध्या काढल्या, नऊ होत्या, आणि खणाच्या घडीत ठेवून बासन शिवून टाकलं.

माझ्या मनात असं होतं की चिंध्या परत आल्या म्हणजे आईला कळेल, एडनला आपला सुंभ नको. ती दूरचा माल बंद करील. जवळच्या कोळ्यांसाठी वळेल, होड्यांसाठी, विहिरीच्या रहाटासाठी. थोडं कमी होईल पण निभेल. कायदा करणाऱ्यांनी यादी केली तशी मी माझी एका जिनसाची यादी केली, असं मला वाटलं. मी सगळ्याचा विचार केला आणि आईचा केला नाही. जी बाई लेकीला परमुलखात धाडताना म्हणते की चिंधी परत आली तर समजेन माझे हात गेले, तिला मी एकदम नऊ चिंध्या पाठवल्या.

आषाढात गुदामाच्या भिंतीवरचा कागद खरवडून काढला. राष्ट्रांच्या सभेने ठरवलं म्हणे, लढाई संपली, आता कोंडी कशाला. हबसाणाचा राजा परागंदा झाला होता. ज्याच्यासाठी कायदा केला तो हरला, म्हणून कायदा उठला. मी यांना दोनदा विचारलं की मला नीट कळलं का. यांनी सांगितलं, नीट कळलं आहे. मआल्याची खेचरं त्याच महिन्यात पलीकडे गेली. अल्माजला मी काहीच सांगितलं नाही. तिला आधीच माहीत होतं.

दिवाळी झाली, फतेमाऱ्या आल्या. मी जायचं नाही असं ठरवलं होतं, तरी गेले. हिरवी चिंधी लगेच दिसली. मी गुंडाळी हातात घेतली आणि मला ती वाकवता येईना. असा सुंभ मी आयुष्यात पाहिला नव्हता. काथ्या दुप्पट बडवलेला, एकही कूस बाहेर नाही, पीळ लोखंडासारखा. गुदामातला हमाल तो दोन्ही हातांनी ताणून पाहत होता आणि वाहवा करत होता. शेठने यांना बोलावून सांगितलं की त्या हिरव्या चिंधीवालीचा माल वेगळा काढा, पलीकडून तोच मागतील.

नंतर तुझं टपाल आलं, तात्यांच्या अक्षरात. ते अक्षर तात्यांचं असलं तरी बोलणं तुझं होतं. तू लिहवून घेतलं होतंस की लग्न नीट झालं, खण पोचला, आणि आईने तुला सांगितलंय ते मोघम लिहायचं आहे. मोघम असं होतं, की लेकीने घरची लाज राखली, गुपचूप कळवलं, चारचौघांत होऊ दिलं नाही. आता तक्रारीला जागा राहणार नाही. तात्यांना त्यातलं काय कळलं असेल, देव जाणे. मला सगळं कळलं. आई पहाटे उठून खाडीवर जात होती. सोडणं आणखी दोन महिने कुजू देत होती. रोजच्या दुप्पट पीळ घालत होती, तळव्यांची सालटी निघेपर्यंत. एकही चिंधी परत येऊ नये म्हणून.

ती दोन वर्षं तसं वळत राहिली. मी दर हंगामाला पाहत राहिले. पलीकडे लढाई संपली म्हणतात, पण डोंगरांत माणसं अजून लढतात आणि सुंभ अजून जातो. अल्माजच्या नवऱ्याचा पत्ता नाही. ती आता आमच्याच अंगणात राहते. आमच्या अंगणात वलणी नाही. कपडे दगडांवर वाळतात, काळे डाग पडतात, आणि हे तेच घालून गुदामात जातात.

परवा तुझं टपाल आलं. आईचे हात वळेनासे झाले. बोटं मिटत नाहीत. ती ओटीवर बसून असते आणि ज्याला त्याला म्हणते, माझा पीळ सैल निघाला होता, माझ्या नऊ गुंडाळ्या परत फिरल्या. भागीकाकी समजूत घालते तर ऐकत नाही. तू म्हटलं आहेस, "ताय, तू एकदा लिव. तुजं खरं मानंल ती. आता मीच येऊन वळतंय. चिंधीला तुजं घरी ऱ्हायलेलं लग्नातलं लुगडं फाडलंय, राग मानू नको."

या खेपेच्या मालात ती चिंधी मला दिसली होती. तांबडी, जरीचा एक धागा असलेली. कुणाची ते मला ओळखता आलं नव्हतं.

गेले चार दिवस मी विचार करते आहे. सुंभ चांगला होता असं लिहिलं, तर तात्या मोठ्याने वाचतील, अंगणात सगळ्या ऐकतील, आणि आई तुला बाजूला सारून त्या मिटत नसलेल्या बोटांनी पुन्हा काथ्या घेईल. तात्या जास्त माल मागतील. तूही जास्त वळशील. चांगला होता तर चिंध्या का धाडल्या, असं विचारतील. त्याचं खरं उत्तर लिहिलं, तर आपली आई आयुष्यभर जे वळत आली ते कशाभोवती आवळलं गेलं हे तिला म्हातारपणी, पोरांच्या देखत, तात्यांच्या तोंडून कळेल. आणि काहीच लिहिलं नाही, तर ती आपले हात गेले असं मानूनच जाईल. या तिन्हींतून बाहेर जायला मला वाट दिसत नाही. मी अल्माजला विचारलं. ती तिच्या आईबद्दल कधी बोलत नाही. ती एवढंच म्हणाली, "म्हातारीला झोप येऊ दे."

आज मी लिहिलं. "आई, नऊच्या नऊ गुंडाळ्या चांगल्या होत्या. तुझी एकही गुंडाळी कधी फिरली नाही. घराची आठवण म्हणून मी चिंध्या काढून ठेवल्या होत्या, त्या परत धाडल्या ही माझी चूक. तुझ्यासारखा पीळ इथल्या बंदरात कुणाचा नाही." यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. टपाल मी स्वतः जाऊन टाकलं. यांना सांगितलं नाही. इतक्या वर्षांत एकटी रस्त्यावर पहिल्यांदा गेले. एकटी म्हणजे अल्माज होती, मागे मागे, पायांची फडकी सावरत. खिडकीतल्या माणसाने नाव विचारलं आणि मी ते मोठ्याने सांगितलं.

उरलेलं वाक्य, चिंध्या का धाडल्या ते, या वहीत आहे. तुला कधी अक्षरं आली, किंवा तुझ्या पोरीला आली, तर वाचा.

निघाले तेव्हा मला वाटायचं, घर म्हणजे जे मागे राहिलं ते. ते मागे राहिलंच नाही. दर दिवाळीला ते गुंडाळ्या होऊन समुद्रावरून येतं, माझ्या खोलीच्या भिंतीला टेकून महिनाभर राहतं, आणि मग जिथे जायला नको तिथे जातं. मी त्याला थांबवू शकत नाही आणि त्याचा वास आला की अजूनही भिंतीला नाक लावते.

ट्रंकेवरचा सुंभ तसाच आहे. ती दहावी चिंधी मी पाठवली नव्हती. आज टपाल टाकून आल्यावर गाठ सोडून पाहिली. बोटांना टोचली, सुटली नाही. कोनाड्यात कात्री आहे. मी ती घेतली नाही.